न उघडलेले खोके

अमेरिकेत शरद ऋतू आला की एके काळी मोटारविक्रीच्या दुकानांच्या काचा आतून कागद लावून झाकल्या जात. ही १९५० च्या दशकातली रीत. पुढच्या वर्षाची नवी मोटार ठरल्या दिवसापूर्वी कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून हा बंदोबस्त असे. मग तो दिवस उजाडला की कागद निघत आणि शेवरोले, ब्यूक, फोर्ड यांची नवी रूपे पाहण्यास सहकुटुंब गर्दी लोटे. घरी आणलेल्या गणपतीच्या मुखावरचा रुमाल केव्हा दूर होतो याची आपली मुले जशी वाट पाहतात, तशातलाच हा उत्सुकतेचा प्रकार होता.

वडिलांबरोबर आलेल्या मुलांच्या हाती विक्रेते पुष्कळदा एक छोटी मोटार ठेवीत. ती नव्या मोटारीचीच हुबेहूब प्रतिकृती असे, पंचविसाव्या हिश्शाची. म्हणजे सतरा फुटी मोटार जेमतेम आठ इंचांत उतरलेली. तिचा रंगही कारखान्याच्या रंगपत्रिकेतला असल्यामुळे वडिलांना गाडीचा रंग पसंत करण्यास तीच उपयोगी पडे. मुलाच्या हातात खेळणे आणि बापाच्या डोळ्यांपुढे जाहिरात, अशी ही दुहेरी योजना. अशा प्रतिकृती करणाऱ्यांपैकी एक कंपनी डेट्रॉइटचे वकील वेस्ट गॅलोग्ली यांनी १९४८ साली काढली. पहिली मोटार अॅल्युमिनियमची ओतली म्हणून नाव ठेवले ‘अॅल्युमिनियम मॉडेल टॉइज’. लवकरच अॅल्युमिनियम जाऊन प्लॅस्टिक आले. परंतु ‘एएमटी’ ही आद्याक्षरे तशीच राहिली. गाव सोडले तरी आडनाव राहते, हे आपल्यासारख्या चार पिढ्या परप्रांती नांदणाऱ्या कुटुंबांना निराळे सांगावयास नको.

१९५८ साली याच कंपनीने तयार मोटारीऐवजी तिचे सुटे भाग खोक्यात घालून विकण्यास प्रारंभ केला. किंमत सुमारे दीड डॉलर. एकाच संचातून तीन तऱ्हेची मोटार जोडता येई: कारखान्यातून निघते तशी, हौशी लोक आपल्या मनाने रूप पालटतात तशी, किंवा शर्यतीची. या एका कल्पनेने अमेरिकेतल्या मुलांच्या दुपारी भरून टाकल्या. बघता बघता जो-हॅन, मोनोग्राम, रेव्हेल, एमपीसी या कंपन्याही या क्षेत्रात चढाओढीने उतरल्या. रेव्हेलने तर एड रॉथ नावाच्या चित्रकाराचा ‘रॅट फिंक’ हा डोळे बाहेर आलेला ओंगळ उंदीरही १९६३ साली खोक्यात भरून विकला आणि पोरांनी तो डोक्यावर घेतला. आम्हांस तो उंदीर आवडत नाही. पण आमच्या आवडीला तिथे विचारतो कोण?

हे सारे आज सांगण्यास कारण एक पत्र. बडोद्याच्या एका वाचक भगिनी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ जाऊन आल्या. जावयांना जुन्या मोटारींचे हे संच जमवण्याचा नाद आहे. घराच्या तळघरात एक सबंध कपाट अशा खोक्यांनी भरलेले. कित्येकांवरचे पारदर्शक वेष्टन अजून शाबूत. थोरला नातू नऊ वर्षांचा. त्यातले एक तरी आपल्याला उघडू द्यावे म्हणून तो हट्ट धरतो, आणि एरवी शांत असणारे जावई याच एका बाबतीत चढा सूर लावतात. “साठ वर्षे कोणी उघडले नाही, ते तू उघडणार?” असे ते मुलाला म्हणाले. जावयाला बोलण्याची सासूला चोरी. म्हणून बाईंनी परत आल्यावर आम्हांस लिहिले आहे, की पुठ्ठ्याच्या खोक्यापेक्षा पोराचे मन लहान आहे काय?

प्रश्न वरकरणी घरगुती दिसतो. आम्ही त्यावर महिनाभर वाचन केले, काही जाणत्यांना पत्रे टाकली, आणि आमचे मत असे झाले की जावईबापूंची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ती समजण्यासाठी साचा म्हणजे काय हे प्रथम पाहावे लागेल.

या मोटारींचा मूळ नमुना कसबी कारागीर लाकडात, आकाराने बराच मोठा कोरीत. त्यावरून यंत्राने रेषा लहान करीत करीत पोलादी साचा कोरला जाई. वितळलेले प्लॅस्टिक त्यात मोठ्या दाबाने सोडले की क्षणार्धात भाग तयार. बंपर, आसने, इंजिनाचे तुकडे एका प्लॅस्टिकच्या काडीला चिंचेच्या फांदीवर चिंचा लगडाव्यात तसे लगडून बाहेर येतात. पोलादी साचा ही अतिशय खर्चाची वस्तू आहे. यास्तव कंपन्या दरवर्षी नवा साचा करीत नसत. मोटार कारखानेही दरसाल समूळ नवी गाडी काढीत नसत. पुढची जाळी बदलायची, मागचे दिवे बदलायचे, पात्याची धार कमीअधिक करायची आणि नवे साल म्हणून विकायची. साच्यावाल्यांनीही तेच केले. १९६२ च्या मोटारीचा साचा घेऊन त्यातच कोरीवकाम करून १९६३ ची मोटार बनवावयाची. त्याक्षणी १९६२ ची मोटार त्या पोलादातून कायमची पुसली जाई. नंतर कोणाला ती पुन्हा काढावीशी वाटली तरी कशातून काढणार?

एवढेच नव्हे. मोटार कारखाना आपली रेखाचित्रे या कंपन्यांना आधीच गुप्तपणे देत असे, कारण छोटी मोटार मोठ्या मोटारीबरोबरच बाजारात यावयास हवी. ऐनवेळी मोठ्या मोटारीत काही फरक झाला तर छोटीत तो उतरत नसे. त्यामुळे प्रत्यक्ष रस्त्यावर कधी न आलेला एखादा तपशील काही संचांत सापडतो. मराठीचा विद्यार्थी म्हणून आम्हांस येथे पाठभेदांची आठवण होते. हस्तलिखिते हातोहाती उतरत जाताना त्यांत बदल शिरतात. म्हणून एकनाथमहाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. जुन्या संचांचे जाणकार संग्राहकही काहीसे याच बुद्धीने दोन खोकी शेजारी ठेवून तपासतात: ही जाळी मूळची की नंतर बदललेल्या साच्यातली? तुलना आम्ही केवळ पद्धतीपुरती करीत आहोत, वाचकांनी राग मानू नये.

कंपन्यांचेही स्थलांतर झाले. एएमटी १९७८ साली लेस्नी या इंग्रज खेळणी-कंपनीकडे गेली, पुढे एर्टलकडे, आणि आता ती इंडियाना राज्यातल्या राउंड टू या कंपनीकडे आहे. रेव्हेल आणि मोनोग्राम १९८६ साली एकत्र आल्या. दर वेळी पोलादी साचे मालमोटारींतून या गोदामातून त्या गोदामात गेले. काही गंजले, काही भंगारात निघाले. म्हणजे जावईबापूंच्या कपाटात एखाद्या सालचा मूळ, न जोडलेला संच असेल, तर पोलाद नष्ट झाल्यावर त्या साच्याची साक्ष देणाऱ्या थोड्या वस्तूंपैकी ती एक आहे. दीड डॉलरच्या खोक्याला आज शंभराहून अधिक डॉलर मोजणारे लोक सगळेच खुळे नसतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे क्रायस्लरची टर्बाइन मोटार. विमानाला असते त्या जातीचे इंजिन मोटारीत बसवून पाहावे असा तो प्रयोग होता. अंगकाठी इटलीतल्या तुरीन शहरी घिया यांच्या कार्यशाळेत घडवली, रंग सर्वांचा एकच, तांबूस ब्राँझचा. पाच प्रायोगिक धरून एकूण ५५ गाड्या झाल्या. त्यांतल्या ५० गाड्या १९६३ ते १९६६ या काळात सर्वसामान्य कुटुंबांना तीन तीन महिने फुकट वापरावयास दिल्या. अशा २०३ जणांनी त्या चालवल्या. डिझेल घाला, रॉकेल घाला, ती चाले. पण प्रयोग संपला आणि कंपनीने ४६ गाड्या मोडून टाकल्या. नऊ उरल्या. त्याच काळी जो-हॅन कंपनीने या मोटारीचा पंचविसाव्या हिश्शाचा संच काढला होता, आतल्या इंजिनासकट. आज ज्यांना त्या गाडीच्या बॉनेटखाली काय होते ते बोटांनी समजून घ्यायचे आहे, त्यांना संग्रहालयाच्या दोरीपलीकडे उभे राहण्यापेक्षा तो संच अधिक शिकवतो. खऱ्या गाड्या मोडल्या, खेळणे राहिले. हे आम्हांस विलक्षण वाटते.

या छंदाची शाखा इंग्लंड-जपानातही आहे, तिचा उल्लेख न करणे योग्य होणार नाही. इंग्लंडात निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थांनी १९३९ मध्ये काढलेल्या एअरफिक्सने १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज दोन शिलिंगांत, साध्या पिशवीत विकले, आणि पुढे १९५६ पासून जुन्या मोटारी आणल्या. जपानात शिझुओका येथील तामिया कंपनीचे शुन्साकु तामिया यांनी तर पोर्शे मोटारीचा संच अचूक व्हावा म्हणून एक खरी पोर्शे विकत घेतली आणि स्क्रू न् स्क्रू सुटी केली. तो संच १९७६ चा. आपल्याकडे आयातीवर निर्बंध असलेल्या दशकांत असे खोके परदेशी गेलेल्या कोणा काकांच्या बॅगेतूनच येई. आमच्या लहानपणी आमच्या वर्गात एकाकडे होते. ते पाहण्यासाठी त्याच्या घरी रांग लागे, आणि हात पुसून मगच आत घेत.

असो. आता दुसरी बाजू.

खोके उघडले नाही म्हणजे आतली वस्तू सुरक्षित आहे, हा समज खरा नाही. या संचांतले टायर मऊ व्हिनाइलचे असतात. व्हिनाइल मूळचे कडक; ते मऊ राहावे म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळतात. वर्षे लोटली की ते द्रव्य हळूहळू टायरातून बाहेर झिरपू लागते आणि शेजारी जे कडक प्लॅस्टिक असेल त्याला विरघळवते. खोक्यात चार टायर आणि खिडक्यांची पारदर्शक काच एकाच पिशवीत किंवा नुसतीच एकमेकांना टेकून पडलेली असेल, तर साठ वर्षांनी उघडावे तो काचेवर टायरचा अर्धचंद्र वितळून कोरलेला! बाहेरचे वेष्टनही निर्दोष नाही. ते कालांतराने आवळत जाते, पुठ्ठा वाकवते, आणि कधी आतल्या मोटारीच्या टपालाही बाक आणते. पाण्यात भिजवून चिकटवावयाची आकड्यांची व पट्ट्यांची चित्रे पिवळी पडतात. त्या आरंभीच्या भेटीदाखल दिलेल्या मोटारी सेल्युलोज अॅसिटेटच्या होत्या. त्या तर हात न लावताही आपल्याआप पिळवटून गेल्या आहेत. शिवाय वेष्टन घालण्याचे यंत्र आता कोणालाही मिळते. वेष्टन शाबूत म्हणजे आत सर्व भाग आहेतच, ही खात्री कोण देणार?

बासनात गुंडाळून देवघराच्या फळीवर ठेवलेली पोथी पिढ्यान् पिढ्या कोणी सोडत नाही, हळदकुंकू मात्र वाहतात; आणि एक दिवस सोडावी तर कसरीने आतल्या पानांची जाळी केलेली असते. आमच्या नोकरीच्या आरंभी एका शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र होते. फुटले तर भरपाई कोण करणार, या भीतीने ते साठा-नोंदवहीत जमा आणि कपाटात कुलूपबंद असे. दहा वर्षांनी तपासणीसाठी काढले तेव्हा भिंगावर आतून बुरशी चढली होती. एकाही विद्यार्थ्याने त्यातून कांद्याची साल पाहिली नव्हती. नोंदवहीत ते उत्तम स्थितीत होते.

तेव्हा जावईबापूंना आमचे सांगणे असे, की खोकी उघडावीत. पण उघडण्याचेही प्रकार आहेत. पहिले काम, टायर वेगळे काढून निराळ्या पिशवीत ठेवणे. हे आजच करावे, त्यासाठी कोणाचा हट्ट मोडण्याची वा पुरवण्याची गरज नाही, आणि हे काम नऊ वर्षांचा मुलगा वडिलांच्या शेजारी बसून उत्तम करील. पिवळी पडलेली चित्रे पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवली तर पुष्कळ अंशी पुन्हा पांढरी होतात. मग खोकी वेगळी करावीत. ज्या मोटारीचा साचा आजही जिवंत आहे आणि जिचा संच कंपनी अधूनमधून पुन्हा काढते, तिचे जुने खोके राखून ठेवण्यात बाहेरच्या चित्राखेरीज फारसे काही राखले जात नाही. ते जोडावे. नवा निघालेला संच मुलाला स्वतंत्र आणून द्यावा, तो एखाद्या साधारण पुस्तकाच्या किमतीत मिळतो.

राहिले ते साचा पुसला गेलेले, खरे दुर्मीळ संच. येथे आम्हांस एक गोष्ट कळली आणि आमचे मत पक्के झाले. काही कसबी लोक अशा न जोडलेल्या मोटारीच्या अंगावरून रबरी साचा घेऊन रेझिनमध्ये तिच्या प्रती ओततात. राउंड टूनेही अलीकडच्या वर्षांत जुने मूळ संच मोजून, त्यांबरहुकूम नवे पोलादी साचे कोरवले आहेत. साठ वर्षांपूर्वी पोलादातून गेलेली मोटार अशी पुन्हा बाजारात आली. ती कोणत्या खोक्यामुळे आली? जे कोणीतरी उघडून, भाग बाहेर काढून, मोजू दिले त्यामुळे. कपाटातल्या खोक्याकडून हे काम झाले नसते. जावईबापूंकडे असा एखादा संच असल्यास त्यांनी त्याची मापे आणि छायाचित्रे घेऊन ठेवावीत, जाणत्यास दाखवावा, आणि मग तो जोडावा की नाही ते खुशाल स्वतः ठरवावे. तेवढा हक्क आम्ही त्यांच्याकडे ठेवतो. त्या एकाच खोक्यासाठी मुलाला “थांब” म्हटले, तर मुलालाही त्याचे कारण पटेल. कपाटभर खोक्यांसाठी म्हटलेले “नाही” त्याला पटणार नाही, आणि का पटावे?

मुलाने पहिला संच बिघडवला तर काय, अशी धास्ती बाईंच्या पत्रात आहे. बिघडवू द्यावा. त्या काळच्या पोरांनीही कमी बिघडवले नाहीत. नळीतला चिकटद्रव भरमसाट ओतून जोडलेल्या अशा मोटारींना जाणत्यांच्या बोलीत ‘ग्लू बॉम्ब’ म्हणजे चिकटद्रवाचा गोळाच म्हणतात, आणि त्यांना पुन्हा माणसांत आणणे ही आता स्वतंत्र कला झाली आहे. मोटार पिशवीत घालून रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. गारठ्याने जुना सांधा ठिसूळ होतो आणि अलगद दाबला की सुटतो. वरचा रंग उतरवण्यास काही जण गॅरेजातले ब्रेक ऑइल वापरतात, हातमोजे घालून. चांदीच्या वर्खासारखा बंपरांवर असतो तो अॅल्युमिनियमचा मुलामा कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्ये बुडवला की निघून जातो, मग तो भाग नव्याने चकाकता करून घेता येतो. खरी कठीण गोष्ट वितळलेले प्लॅस्टिक. कारण या कामी लागणारा द्रव आपल्या डिंकासारखा दोन कडांच्या मध्ये बसत नाही, तो दोन्ही कडा विरघळवतो. द्रव उडून गेला की दोन भाग एकजीव होतात. म्हणून तो थेंबभरच लागतो. मुलाला प्रथम हेच शिकवावे: भाग काडीपासून ओढून तोडावयाचा नाही, कातरीने कापावयाचा, कापल्या जागी बारीक पॉलिश पेपर फिरवावयाचा, आधी कोरडाच जुळवून पाहावयाचा, आणि मग ब्रशाच्या टोकाने सांध्याला नुसता स्पर्श करावयाचा, द्रव आपण होऊन फटीत शिरतो.

हा द्रव मात्र मुलाच्या एकट्याच्या हाती देऊ नये आणि खिडकी उघडी असावी. १९६० च्या दशकात अमेरिकेत काही मुले नशेसाठी त्याची वाफ हुंगू लागली, वृत्तपत्रांत ओरड झाली, आणि १९६९ च्या सुमारास टेस्टर्स या कंपनीने आपल्या नळीतल्या द्रवात मोहरीचे जहाल तेल मिसळले. फोडणीत मोहरी जळल्यावर स्वयंपाकघरातून सारे घर खोकत बाहेर पडते, त्याच झणझणीत वासाचा हा उपयोग. नळी नाकाशी धरणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येई आणि तो हात आपोआप मागे घेई.